नजर कोणाची, वस्तू कोणाच्या?

संगणकावरचा एखादा कोड्यांचा गेम चांगला की सुमार, हे धडगावात ठरवायचे असेल तर पहिला प्रश्न असतो : नेट गेल्यावर तो चालतो का? चित्रे, संगीत, गोष्ट हे सगळे त्यानंतर. अक्राणी तालुक्याचे हे मुख्यालय सातपुड्याच्या डोंगररांगांत आहे. शहाद्याकडून म्हसावदमार्गे या, नाहीतर तळोद्याकडून चांदसैली घाटाने या, डोंगर चढावाच लागतो. उत्तरेला नर्मदा आणि अधेमधे पाड्यापाड्यांत विखुरलेली पावरा व भिल्ल वस्ती. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. एका टेकडीवर मिळणारी रेंज पलीकडच्या उतारावर मिळेलच असे नाही. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या टेंभलीत दिले गेले, ते गाव आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातले. तरीही घाटाच्या वर रोजच्या वापराचे इंटरनेट अजून भरवशाचे झालेले नाही.

अशा ठिकाणी राहून मी कोड्यांचे आणि वस्तू शोधण्याचे गेम खेळते. रात्रीची कामे आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि एखादे दृश्य सोडवायचे, एवढाच माझा शिरस्ता. स्पर्धेत उतरणारे, तासन्‌तास बंदुकीचे खेळ खेळणारे खेळाडू वेगळे. माझ्यासारखे खेळणारे जगभर कोट्यवधी असतील, पण त्यांचे मत सहसा कोणी विचारत नाही. हे खेळ कसे असावेत, ते आपल्याकडून काय घेतात आणि काय देतात, याबद्दल मला गांभीर्याने काही सांगायचे आहे. कारण माझ्या आजूबाजूच्या मुलांच्या हातात आता हेच खेळ आहेत.

अडगळ आणि यादी

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर एक गच्च भरलेले दृश्य येते. जुन्या वाड्याची माळ्यावरची खोली, बंद पडलेले रेल्वे स्टेशन, जत्रेतला तंबू. खाली वस्तूंची यादी असते : किल्ली, कात्री, घुबड, पत्त्यातली राणी. यादीतली प्रत्येक वस्तू त्या पसाऱ्यात कुठेतरी असते. ती दिसली की टिचकी मारायची. यादी संपली की एखादी उपयोगाची वस्तू हाती लागते, तिने पुढचे दार उघडते आणि दारामागे नवे कोडे असते. इंग्रजीत याला ‘हिडन ऑब्जेक्ट गेम’ म्हणतात. मी शोधखेळ म्हणते.

याचे मूळ कागदावरचे आहे. ब्रिटिश चित्रकार मार्टिन हँडफर्ड यांचे वॉली नावाच्या पात्राला गर्दीत शोधण्याचे पुस्तक १९८७ साली आले. अमेरिकेत जीन मार्झोलो आणि छायाचित्रकार वॉल्टर विक यांची ‘आय स्पाय’ मालिका १९९२ मध्ये सुरू झाली. आपल्याकडेही मुलांच्या मासिकांत ‘चित्रात दडलेले प्राणी शोधा’, ‘दोन चित्रांतले फरक ओळखा’ अशी पाने असतात आणि अंक हातात पडताच मुले आधी तीच उघडतात. संगणकावर या प्रकाराला आजचे रूप मिळाले ते सिएटलच्या बिग फिश कंपनीच्या ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ या २००५ सालच्या गेममुळे. पुढच्याच वर्षी ‘रेव्हनहर्स्ट’ आला आणि धुक्यातला वाडा, डायरीची फाटलेली पाने, जुना गुन्हा हा साचा पक्का झाला. २००८ च्या ‘रिटर्न टु रेव्हनहर्स्ट’ने त्यात खोल्यांतून फिरणे, वस्तू जमवणे आणि त्या जागच्या जागी वापरणे याची भर घातली. पुढे पोलंडमधल्या आर्टिफेक्स मुंडीसारख्या स्टुडिओंनी याच वाटेवर भराभर गेम काढले.

या सगळ्यांच्या मागे १९९३ चा ‘मिस्ट’ उभा आहे. रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांनी केलेला हा गेम म्हणजे एक निर्मनुष्य बेट. मागे घड्याळ नाही, शत्रू नाही, गुण नाहीत. पाहायचे, ऐकायचे, टिपून ठेवायचे आणि विचार करायचा. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपलेला गेम तोच होता. लोकांना घाईशिवाय विचार करायला आवडते, हे त्या खपाने सिद्ध केले. मला तो पुरावा आजही मोलाचा वाटतो.

लपवणाऱ्याचा प्रामाणिकपणा

शोधखेळ खेळता खेळता एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. वस्तू लपवणे ही कला आहे आणि त्या कलेत प्रामाणिकपणा लागतो.

अप्रामाणिक लपवणे सहज ओळखू येते. कात्री अर्धपारदर्शक करून भिंतीच्या रंगात विरघळवलेली असते. हत्ती मुंगीएवढा करून फुलदाणीच्या सावलीत टाकलेला असतो. बासरीचे फक्त टोक कपाटामागून डोकावत असते. असे दृश्य सोडवले तरी आनंद होत नाही, कारण ती वस्तू दिसण्यासारखी नव्हतीच. मग खेळणारा कंटाळून पडदाभर टिचक्या मारत सुटतो आणि गेम त्याबद्दल दंड म्हणून काही क्षण थांबवून ठेवतो. चूक चित्रकाराची, शिक्षा खेळणाऱ्याला.

प्रामाणिक लपवणे उघड्यावर असते. जिन्याच्या कठड्यात एका दांडीच्या जागी बासरी उभी असते. वेलीच्या पानांत एक पान मासा असते. वस्तू पूर्ण दिसते, योग्य आकारात दिसते, फक्त तिने शेजाऱ्यांचे रूप घेतलेले असते. सापडल्यावर आपण स्वतःशीच म्हणतो, अरे, ही तर मघापासून समोरच होती! हा क्षण मिळावा म्हणूनच मी हे गेम खेळते.

यामागचे शास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली नजरेच्या शोधाबद्दल एक सिद्धांत मांडला. लाल ठिपक्यांच्या गर्दीत एकच हिरवा ठिपका असेल तर तो शोधावा लागत नाही, तो आपणहून डोळ्यांत भरतो. गर्दी दुप्पट केली तरी फारसा फरक पडत नाही. पण लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांत एकच लाल उभी रेघ शोधायची असेल, तर रंग आणि दिशा या दोन्ही गुणांचा मेळ घालावा लागतो. तेव्हा नजर एकेका रेघेपाशी थांबते आणि गर्दी वाढते तसा वेळ वाढतो. चांगला शोधखेळ रचणारा हेच जाणतो. तो वस्तू पुसट करत नाही, तिचे गुण शेजाऱ्यांत वाटून टाकतो.

या कसोटीवर मला २०१७ चा ‘हिडन फोक्स’ फार वरचा वाटतो. एड्रियान द यॉन्ग आणि चित्रकार सिल्वां टेग्रूग यांनी केलेला हा गेम पूर्ण काळा-पांढरा, हाताने रेखाटलेला आहे आणि त्यातले सगळे आवाज तोंडाने काढलेले आहेत. झुडपे बाजूला सारावी लागतात, तंबूचे पडदे उघडावे लागतात. यादीतल्या माणसावर टिचकी मारली की तो कुठे आणि काय करत असेल याचा एक छोटा इशारा मिळतो. तो वाचून त्या माणसाच्या सवयीवरून त्याची जागा ताडायची असते. इथे शोध नजरेचाही असतो आणि समजुतीचाही.

कोड्यांची जुनी घराणी

शोधखेळांत वस्तूंच्या जोडीला कुलपे असतात आणि कुलपांवर छोटी कोडी. जरा निरखून पाहिले तर यांतली बरीच कोडी दीडशे वर्षांची जुनी निघतात. चौकटीत पंधरा फरशा आणि एक मोकळी जागा, फरशा सरकवून चित्र जुळवायचे, हे कोडे १८८० च्या सुमारास अमेरिकेत वेड लावून गेले होते. त्याच्या निम्म्या मांडण्या मुळात सुटूच शकत नाहीत, हे १८७९ मध्येच गणितज्ञांनी सिद्ध केले होते. तीन खांबांवरच्या चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर नेण्याचे कोडे फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये आणले. त्याला जोडलेल्या दंतकथेत तर काशीच्या मंदिरातले पुजारी चौसष्ट सोन्याच्या चकत्या हलवत असतात. पाच चकत्यांना किमान ३१ चाली लागतात, सात चकत्यांना १२७. शापित वाड्याच्या तळघरात पोहोचल्यावर पुन्हा हाच चकत्यांचा मनोरा समोर आला की मला रचणाऱ्याचा आळस दिसतो. कोडे जुने असायला हरकत नाही, पण ते गोष्टीतून उगवले पाहिजे. घड्याळजीच्या दुकानात दातेरी चाके जुळवायला लावा, मी आनंदाने जुळवीन. स्मशानाच्या फाटकावर चाके कशासाठी?

या बाबतीत ब्रिटनच्या फायरप्रूफ स्टुडिओचा ‘द रूम’ हा २०१२ चा गेम आदर्श आहे. त्यात समोर असते ती एक गुंतागुंतीची पेटी. ती फिरवायची, चाचपायची, खाचा शोधायच्या. प्रत्येक कोडे त्या पेटीच्या लाकडातून आणि पितळेतूनच निघते. चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा ‘मशिनेरियम’ (२००९) तर शब्दांशिवायच बोलतो. पात्रांच्या डोक्यावर फुगे येतात आणि फुग्यांत हलती चित्रे. इंग्रजी न येणारे मूलही तो पहिल्या दृश्यापासून समजून खेळू शकते. हे मी धडगावात माझ्या शेजारच्या मुलांबरोबर पाहिले आहे.

कोड्याचे सगळ्यात निर्मळ रूप मला सापडते ते मात्र आपल्याच नाशिक जिल्ह्यात. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आयुष्यभर आकड्यांशी खेळले. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक वेळी ६१७४ हीच संख्या येते आणि तिथेच थांबते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. कागद आणि पेन्सिल, बाकी काही नको. कोड्याला इतकेच लागते, हे आठवत राहिले की पुढची गोष्ट जास्त बोचते.

तासाभराची चव ते विकतची दमछाक

सुरुवातीच्या काळात शोधखेळ विकण्याची पद्धत सरळ होती. तासभर फुकट खेळून पाहा, आवडला तर विकत घ्या, मग तो कायमचा तुमचा. बिग फिशच्या सदस्यांना साधारण सात डॉलरला मिळणाऱ्या गेमचीच जास्त प्रकरणांची ‘कलेक्टर्स’ आवृत्ती दुप्पट किमतीला असायची. ती घ्यायची की नाही, हे आपण ठरवायचे. रुपयांत ही रक्कम धडगावच्या मानाने थोडी नाही, पण व्यवहार स्वच्छ होता.

मग मोबाइल आला आणि ‘फुकट’ आले. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’ने एक रीत घालून दिली : पाच जीव, हरलात की एक जातो, नवा जीव अर्ध्या तासाने, आत्ताच हवा असेल तर पैसे. शोधखेळांनी हीच रीत ‘ऊर्जा’ या नावाने उचलली. बर्लिनच्या वूगा कंपनीचा ‘जून्स जर्नी’ (२०१७) दिसायला देखणा आहे. १९२० च्या दशकातली वेशभूषा आहे, बहिणीच्या मृत्यूचा शोध घेणारी नायिका आहे. पण प्रत्येक दृश्याला ऊर्जा लागते आणि पुढच्या प्रकरणासाठी तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा खेळून तारे जमवावे लागतात. पाचव्यांदा त्याच खोलीत तीच छत्री शोधताना नजर काहीच शोधत नसते, बोट पाठांतर म्हणून दाखवत असते.

या उद्योगाची मालकी कोणाकडे गेली ते पाहिले की चित्र स्पष्ट होते. बिग फिश कंपनी २०१४ मध्ये केंटकीतल्या घोड्यांच्या प्रसिद्ध शर्यतीची मालक असलेल्या चर्चिल डाउन्सने घेतली. २०१८ मध्ये तिथून ती ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅरिस्टोक्रॅटकडे गेली, जिचा मूळ धंदा जुगाराची स्लॉट मशीन बनवण्याचा. त्याच वर्षी वूगा कंपनी प्लेटिकाने घेतली, जी ‘स्लॉटोमेनिया’साठी ओळखली जाते. शोधखेळ खेळणाऱ्याची सहनशीलता आणि जुगाऱ्याची अधीरता यांना एकाच हिशेबाच्या वहीत मांडणारी माणसे आता निर्णय घेतात. गेमच्या रचनेत ते उतरणारच.

धडगावच्या बसस्टँडजवळच्या एका मोबाइल दुकानात मी हा विषय काढला. दुकानदार म्हणाला, “ताई, लोकं येऊन पहिलं हेच सांगतात, पोराला नेट न लागणारा गेम टाकून द्या. मी टाकून देतो. पण आजकाल बिननेटचे गेमच कमी निघतात. उघडला की आधी जाहिरात.” बाजूला उभ्या असलेल्या एका बापाने त्यात भर घातली : जाहिरात बंद करायला म्हणून पोराने काहीतरी दाबले आणि रिचार्जचा डेटा दुपारीच संपला. शहरात जाहिरात ही नुसती कटकट. इथे ती दिवसभराचा डेटा खाते, आणि त्या डेटावर कुणाचा तरी बँकेचा ओटीपी, कुणाच्या शाळेचा निरोप अवलंबून असतो.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्याचे मी मनापासून स्वागत करते. पण ऊर्जा विकणारे गेम पैसे जिंकायला लावत नाहीत, फक्त खर्चायला लावतात. तिथे कायदा आपल्या मदतीला येईल असे नाही. तिथे पालकांनी आणि खेळणाऱ्यांनीच निवड करायला हवी. माझी निवड ठरलेली आहे : एकदाच पैसे घेणारा, नेटशिवाय चालणारा आणि इशारा मागितला तर निमूट देणारा गेम. गेमने मला हवे तेवढे अडवावे. थांबवून मात्र ठेवू नये.

मेंदू तल्लख होतो का?

या खेळांची जाहिरात करताना ‘मेंदूला व्यायाम’, ‘स्मरणशक्ती वाढते’ अशी वाक्ये सर्रास येतात. यावर विश्वास ठेवण्याआधी एक घटना लक्षात ठेवावी. मेंदूच्या व्यायामाचे गेम विकणाऱ्या ‘लुमोसिटी’च्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फसव्या दाव्यांचा ठपका ठेवला आणि जानेवारी २०१६ मध्ये तिला वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. शोधखेळ खेळून आपण शोधखेळात तरबेज होतो, एवढे नक्की. त्यापुढचे दावे करायला पुरावा लागतो.

या दाव्यांपेक्षा नजरेबद्दलचा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचे छोटे चित्र घातले. ते स्कॅन २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना देऊन फुफ्फुसातल्या गाठी शोधायला सांगितले. गोरिला सरासरी गाठीच्या ४८ पट मोठा होता. तरी २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळे अधू नव्हते, तज्ज्ञता कमी नव्हती. त्यांच्या मनात गाठीचा आकार होता आणि नजर त्याच आकाराच्या मागे होती. माणसाला जे ओळखीचे असते आणि जे तो शोधत असतो, तेच त्याला दिसते. शोधखेळाचे सगळे सार या प्रयोगात आहे, आणि धडगावातून पाहताना या खेळांबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रारही इथूनच सुरू होते.

ओळख नसेल तर शोध कसला?

लॅपटॉप उघडला की शेजारची मुले येऊन बसतात. त्यांची नजर तेज आहे. पण यादीवर ओकच्या झाडाचे फळ असते, ख्रिसमसची मिसलटो असते, गॉथिक चर्चच्या कोपऱ्यावरचा दगडी राक्षस असतो. इंग्रजी नाव मी मराठीत सांगितले, मराठीतून एखाद्याने पावरी बोलीत सांगितले, तरी त्या वस्तूचा आकार मनात नसतो. मग मुले यादी सोडून देतात आणि दिसेल त्यावर बोट ठेवतात. पडद्यावर लाल फुली येते. काही वेळाने त्यांतला एखादा म्हणतो, “हा गेम अवघड आहे.” तो अवघड नाही. तो त्यांच्यासाठी बनवलेलाच नाही.

एकदा मी उलट करून पाहिले. उन्हाळ्यात इथे घरोघरी कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या असतात. धडगावचा आमचूर दूरवर जातो. अशाच एका अंगणाचा फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून दाखवला आणि म्हटले, यात काय काय दिसते ते सांगा. मला फोडी, खाट, कुडाची भिंत, बांबूची कणगी आणि एक कोंबडी दिसत होती. भिंतीवर एक दोरी लटकत होती.

“ताई, ती दोरी नाही, गोफण आहे,” एक मुलगी लगेच म्हणाली.

मग मुले थांबेनात. वळचणीला खोचलेला बाण, छपराखाली बियाण्यासाठी टांगलेली मक्याची कणसे, पाणी न्यायचा वाळलेला भोपळा, कोपऱ्यात पालथे घातलेले डालगे आणि त्याखालून दिसणारे पिल्लाचे पंख. कैऱ्यांच्या फोडींतल्या कोणत्या आज घातलेल्या आणि कोणत्या जुन्या, हेही त्यांनी रंगावरून सांगितले. इतका वेळ समोर असलेला फोटो मला पहिल्यांदा नीट दिसला. रेव्हनहर्स्टच्या वाड्यात मागे पडलेली मुले आपल्या अंगणात माझ्या कितीतरी पुढे होती.

म्हणून मी म्हणते की शोधखेळात नजरेपेक्षा ओळखीची परीक्षा आधी होते. यादी कोणी लिहिली, यावर कोण जिंकणार हे बरेचसे ठरून जाते. वीस वर्षे जगभर खपलेल्या या खेळांत बहुतेक याद्या एकाच प्रकारच्या घरातून आलेल्या आहेत. व्हिक्टोरियन काळातला वाडा, फायरप्लेस, मेणबत्तीचे झुंबर, बग्गी. ते घरही सुंदर आहे आणि मी त्यात आनंदाने हिंडले आहे. पण एकाच घराच्या वस्तू शोधत साऱ्या जगाने का बसावे?

सातपुड्याचे चित्र

सातपुड्यात शोधखेळाला किती विषय आहेत! होळीचे दिवस घ्या. गावोगावी वेगवेगळ्या दिवशी होळी पेटते, म्हणजे एकमेकांच्या होळीला जाता येते. होळीसाठी बुध्या आणि बावा यांची रूपे घेणाऱ्यांना मोरपिसांचे टोप, घुंगरू, कमरेला बांधायचे वाळलेले भोपळे लागतात. हे सगळे सामान वेळेत शोधून जमवणे म्हणजे एक पूर्ण प्रकरण. दिवाळीच्या सुमारास अस्तंबा डोंगराची यात्रा भरते. धनत्रयोदशीला निघालेले यात्रेकरू रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात, आणि अश्वत्थामा इथे अजून फिरतो अशी श्रद्धा आहे. वाट, खुणा, दगड, उजेड यांचे कोडे यापेक्षा चांगले कुठे रचता येईल? तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठचे धुके रेव्हनहर्स्टच्या धुक्यापेक्षा कमी गूढ नाही.

असा गेम करायचा तर काही पथ्ये पाळावी लागतील. पहिले पथ्य म्हणजे यादी बोलती हवी. पावरी आणि भिली बोलणाऱ्या घरांत वाचता न येणारी आजी असते, पण वस्तूंची सगळ्यांत मोठी जाणकार तीच. वस्तूचे नाव तिच्याच आवाजात ऐकू आले तर नातवंडाबरोबर तीही खेळू शकेल. दुसरे पथ्य, देवदेवतांच्या आणि पूजेच्या वस्तू जमवण्याच्या यादीत घालायच्या नाहीत. याहा मोगी ही इथली कुलदेवता आहे, तिच्या पूजेचे सामान टिचकी मारून गोळा करण्यासाठी नाही. काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे गावाने ठरवावे. तिसरे, हे चित्र संग्रहालयासारखे नको. आजच्या पाड्यात सोलर दिवा आहे, मोटारसायकल आहे, मुलीचे शाळेचे दप्तर आहे, चार्जिंगला लावलेला मोबाइल आहे. तेही यादीत हवे, नाहीतर आदिवासी घर म्हणजे फक्त धनुष्यबाण असा खोटा समज आपणच पसरवू.

हे स्वप्नरंजन नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम जगापुढे आणला. तो मारामारीचा खेळ आहे, तरी त्यात भिंतीवरची चित्रे फिरवून जुळवण्याची कोडी आहेत आणि भारतीय कथेवर उभा राहिलेला गेम जगभर खेळला जाऊ शकतो हे त्याने दाखवले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मराठी मुलांपर्यंत पोहोचते आहे. म्हणजे मुलांसाठी काही करण्याचा सार्वजनिक संस्थांचा अनुभव आपल्यापाशी आहे. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकापासून स्थानिक बोलीला शिक्षणात जागा दिली आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्या धोरणातले पैसे मोठ्या शहरांतल्या इमारतींवर खर्च होतील तसे थोडे बोलीभाषांतल्या, एकदा टाकला की चालणाऱ्या छोट्या गेमवरही व्हावेत, अशी माझी उघड मागणी आहे.

यंत्रणाही फार मोठी लागत नाही. शोधखेळात पळणारी पात्रे नसतात, लढाया नसतात. स्थिर चित्रे, नीट लपवलेल्या वस्तू, रेकॉर्ड केलेले आवाज आणि थोडी कोडी, एवढ्यावर तो उभा राहतो. साध्या मोबाइलवर चालेल इतका हलका तो करता येतो. एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलांनी आपल्याच पाड्याचे एक दृश्य रेखाटले, त्यात वस्तू लपवल्या आणि आजोबांकडून त्यांची नावे वदवून घेतली, तर पहिले प्रकरण झालेच म्हणायचे. या कामात मुले खेळणारी राहणार नाहीत, ती लपवणारी होतील. लपवणाऱ्याला वस्तू सगळ्यात बारकाईने पाहावी लागते. तिचा आकार, रंग, ती कुठे ठेवतात, कशाशेजारी शोभते, हे सारे त्याला माहीत असावे लागते. शिकण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हातात मोबाइल जाणारच आहे. तो हिसकावून घेण्यापेक्षा त्यात काय आहे ते त्यांच्या शेजारी बसून पाहावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगेन. गेम किती वेळा पैसे मागतो, किती वेळा थांबवून ठेवतो, त्यातल्या वस्तू मुलाच्या ओळखीच्या आहेत का, आणि नसतील तर त्यांची ओळख करून देण्याची तसदी तो घेतो का, एवढे तपासले तरी चांगला खेळ आपोआप वेगळा पडेल. पुण्या-मुंबईत गेम बनवण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. एकदा घाट चढून वर या, चार दिवस राहा. चित्र काढायला, आवाज द्यायला आणि वस्तू लपवायला इथे माणसे आहेत. प्रोग्राम लिहिणारे तेवढे हवे आहेत.